बालकांचा श्वास आणि बालाघाटचीं बिऱ्हाडें

बीड जिल्ह्याचे निसर्गानेंच दोन भाग पाडले आहेत. उत्तरेला गोदावरीच्या काठची काळी, कसदार जमीन. आणि दक्षिणेला बालाघाटचा उंच, खडकाळ, मुरमाड मातीचा माळ. पाटोदा, आष्टी, शिरूर, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतील पुष्कळ गांवें या दुसऱ्या भागांत मोडतात. सह्याद्रीनें अडविलेल्या पावसाचा उरलासुरला वांटा त्यांच्याकडे येतो, आणि कांहीं वर्षीं तोहि येत नाहीं. दसरा झाला कीं या गांवांतून बिऱ्हाडें बाहेर पडतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठीं तीं पश्चिमेकडील साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात व पांच-सहा महिने ऊंसाच्या फडांत राहतात. बिऱ्हाडांत नवराबायको असतात, कधीं एखादी शेळी असते, आणि बहुधा झोळींत एक तान्हें मूल असतें. मजुरीच्या हिशेबांत नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. माणूस एकटा असला तर तो ‘अर्धा कोयता’. तान्ह्या मुलाला या हिशेबांत स्थान नाहीं. तें साहजिकच आहे. परंतु इतर कोणत्या हिशेबांत तरी तें सांपडतें काय, हा प्रश्न उरतोच.

या वयाच्या मुलांना जे रोग गांठतात त्यांत श्वासाचा रोग फार जुना आणि फार घातक. त्याचा इतिहास मात्र विलक्षण आहे. कारण रोग सर्वांच्या डोळ्यांसमोर असूनहि त्याचें खरें कारण विसाव्या शतकाचा मध्य उलटेपर्यंत कोणाला दिसलें नाहीं.

मराठी घरांतून या रोगाला ‘डबा’ म्हणत आले आहेत. मूल धापा टाकूं लागतें, पोट वरखालीं उडतें, बरगड्यांखालीं खड्डा पडतो, नाकपुड्या फुलतात. हीं लक्षणें आजीबाईंना अचूक ठाऊक होतीं, आणि तीं पाहण्यांत त्यांची कांहीं चूक झाली असें म्हणतां येत नाहीं. चूक होई ती पुढें. पोट उडतें म्हणून रोग पोटांत आहे असें समजून पोटावर बिब्ब्याचे डाग देत. मेळघाटांत ‘डंबा’ म्हणून तापलेल्या लोखंडानें मुलाच्या पोटावर चटके देण्याची चाल फार अलीकडेपर्यंत टिकून राहिली. रोग फुफ्फुसांत आणि डाग पोटावर, असा हा प्रकार.

आयुर्वेदांत बालरोगांचा जो ग्रंथ काश्यपसंहिता या नांवानें प्रसिद्ध आहे, त्याचें जीर्ण हस्तलिखित नेपाळांत सांपडलें व १९३८ सालीं छापून निघालें. त्यांत ‘वेदनाध्याय’ म्हणून एक अध्याय आहे. ज्या बालकाला बोलतां येत नाहीं त्याला कोठें दुखतें हें त्याच्या हालचालींवरून, रडण्यावरून, श्वासावरून कसें ओळखावें, याचा विचार त्यांत केला आहे. बालकाला विचारून उपयोग नाहीं, त्याच्याकडे पाहावें लागतें, ही जाण आपल्याकडे इतकी जुनी आहे. तिचा धागा पुढें एका निराळ्याच ठिकाणीं पुन्हां हातीं लागतो.

पाश्चात्य वैद्यकानें विसाव्या शतकांत प्रवेश केला तो जंतूंवरील गाढ विश्वासासह. १८९२ सालीं फायफर या जर्मन शास्त्रज्ञानें इन्फ्लुएन्झाचा जंतु म्हणून एक सूक्ष्म दंडाणु पुढें केला, आणि पुष्कळांना वाटलें कीं प्रकरण मिटलें. मग १९१८ साल आलें. जूनमध्यें मुंबई बंदरांत साथ उतरली. तो पहिला तडाखा त्या मानानें सौम्य होता. सप्टेंबर-ऑक्टोबरांत आलेला दुसरा तडाखा भयंकर होता. ६ ऑक्टोबर या एका दिवशीं मुंबई शहरांत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. त्याच वर्षीं पाऊसहि फसला होता. देशांत या साथीनें किती माणसें नेलीं याविषयीं विद्वानांचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटीपर्यंत जातात. बीड त्या वेळीं निजामाच्या राज्यांत होतें. त्या राज्याची लोकसंख्या १९११ च्या खानेसुमारींत सुमारें १ कोटि ३४ लाख होती. ती १९२१ मध्यें १ कोटि २५ लाखांवर आली. हा सगळा दोष एका साथीच्या माथीं मारणें बरोबर नाहीं; प्लेग होता, दुष्काळहि होते. तरी एका दशकांत राज्याचीं नऊ लाख माणसें कमी व्हावींत, ही गोष्ट लहान नव्हे.

या साथीनें तरण्याताठ्या माणसांना अधिक ओढलें, म्हणून तिच्या आठवणींत तान्हीं मुलें मागें पडलीं. फायफरच्या दंडाणूचा दोष नाहीं हें सिद्ध व्हायला आणखी पंधरा वर्षें लागलीं. १९३३ सालीं लंडनजवळील मिल हिल येथील प्रयोगशाळेंत स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ या तिघांनीं रोग्याच्या घशाचें पाणी अशा गाळणींतून गाळलें कीं जिच्यांतून कोणताहि जंतु पार होऊं नये. तें गाळलेलें पाणी त्यांनीं फेरेट नांवाच्या मुंगुसासारख्या प्राण्याच्या नाकांत घातलें. फेरेट शिंकूं लागले. म्हणजे रोगाचें बीज जंतूहूनहि लहान होतें. तोच विषाणु. जंतूला स्वतःचा संसार असतो. योग्य अन्न मिळालें कीं तो वाढतो. विषाणूला स्वतःचें घरदार नाहीं. तो दुसऱ्याच्या पेशींत शिरतो व तिच्याच सामग्रीवर आपल्या प्रती काढतो. म्हणूनच पेनिसिलीनसारखीं जंतुनाशक औषधें विषाणूपुढें निष्प्रभ ठरतात. पडशाला तीं औषधें मागणाऱ्या सुशिक्षित घरांतूनहि ही गोष्ट अजून पुरती रुजलेली दिसत नाहीं.

परंतु तान्ह्या मुलांचा मुख्य वैरी अद्याप पडद्यामागेंच होता. तो बाहेर आला एका योगायोगानें. १९५६ सालीं अमेरिकेंत वॉशिंग्टन येथील लष्करी संशोधनसंस्थेंतल्या चिंपांझींना पडसें झालें. चौदा माकडें शिंकत होतीं. त्यांपैकीं एकापासून एक नवा विषाणु वेगळा करतां आला, आणि त्याला ‘चिंपांझीच्या पडशाचा कारक’ असें नांव मिळालें. पुढच्याच वर्षीं रॉबर्ट चॅनॉक या वैद्यानें बाल्टिमोर शहरांतील दोन आजारी बालकांच्या घशांत हाच विषाणु शोधून काढला. तेव्हां उमगलें कीं माकडांनीं हा रोग माणसाला दिला नव्हता, माणसांनींच तो माकडांना दिला होता. प्रयोगशाळेंत वाढवितांना हा विषाणु शेजारच्या पेशी एकमेकींत विरघळवून त्यांचा एक मोठा गोळा करतो, यावरून त्याचें शास्त्रीय नांव पडलें; लोकांत तो आर. एस. व्ही. या आद्याक्षरांनींच ओळखला जातो. दोन वर्षें पुरीं होण्याच्या आंत जवळजवळ प्रत्येक मुलाला तो एकदां तरी गांठतो. मोठ्या माणसाला त्यापासून नुसतें पडसें होतें. तान्ह्या मुलाच्या श्वासनलिकांच्या शेवटच्या फांद्या मात्र सुतासारख्या बारीक असतात. त्या थोड्या सुजल्या, त्यांत थोडा चिकटा सांचला, कीं वाटच बंद होते. एकच रोग आजोबांना रुमालाएवढा आणि नातवाला प्राणाएवढा कां भासतो, याचें उत्तर या नळ्यांच्या रुंदींत आहे.

शत्रु सांपडला म्हणजे लस तयार होणारच, असा त्या काळचा उत्साह होता. पोलिओचा अनुभव ताजा होता. १९६६ च्या सुमारास अमेरिकेंत आर. एस. व्ही. विषाणु फॉर्मॅलिननें मारून त्याची लस तान्ह्या मुलांना टोंचली. त्या हिंवाळ्यांत खरा विषाणु आला, आणि लस घेतलेलीं मुलें न घेतलेल्यांपेक्षां अधिक आजारी पडलीं. एका गटांत तर लस घेतलेल्या व नंतर विषाणूची लागण झालेल्या मुलांपैकीं शेंकडा ८० इस्पितळांत न्यावीं लागलीं आणि दोन बालकें दगावलीं. वैद्यकाच्या इतिहासांतील हें पान वाचतांना मन खिन्न होतें. या आघातानें संशोधकांचे हात कित्येक दशकें आंखडले. असें कां झालें, याचा उलगडा फार पुढें झाला. विषाणूच्या अंगावर एक कांटा असतो. पेशींत शिरण्यापूर्वीं त्याचा आकार एक आणि शिरल्यावर दुसरा. फॉर्मॅलिनच्या लशीनें शरीराला ओळख करून दिली ती बहुतेक दुसऱ्याच, म्हणजे निरुपयोगी आकाराची. पहिल्या आकाराचें खरें चित्र अमेरिकेंतील जेसन मॅक्लेलन व बार्नी ग्रॅहम यांच्या मंडळीनें २०१३ सालीं काढलें, आणि तेथून पुन्हां वाट मोकळी झाली.

मध्यंतरीं महाराष्ट्रांतहि विषाणुविद्येचें ठाणें बसलें होतें. १९५२ सालीं पुण्यास भारतीय वैद्यकसंशोधन परिषद व रॉकफेलर फाउंडेशन यांच्या सहकार्यानें विषाणु संशोधन केंद्र निघालें. १९७८ पासून तें राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था या नांवानें ओळखलें जातें. प्रथम त्याचें लक्ष डांस व गोचिडी यांच्यापासून होणाऱ्या रोगांकडे होतें, श्वासाकडे तें पुढें वळलें. २००१ सालीं हॉलंडमधील शास्त्रज्ञांनीं मेटान्युमो नांवाचा आणखी एक बालरोगकारक विषाणु जाहीर केला. तो जाहीर तेव्हां झाला इतकेंच. जुने रक्ताचे नमुने तपासतां तो निदान पन्नास वर्षें माणसांत वावरत असल्याचें आढळलें. २०२५ च्या जानेवारींत याच विषाणूचें नांव वर्तमानपत्रांत झळकलें व नागपुरापासून बंगळूरपर्यंत आयाबापांची झोंप उडाली. नवें नांव ऐकलें कीं रोगहि नवा वाटतो. त्या आठवड्यांत घाबरलेल्यांपैकीं बहुतेकांना तो रोग लहानपणीं होऊन गेला असेल.

आतां थोडें मागें, १९८० नंतरच्या दशकाकडे वळलें पाहिजे. प्रयोगशाळांतून विषाणूंचीं नांवें वाढत होतीं, आणि खेड्यांत मुलें पूर्वींसारखींच मरत होतीं. तेथें छायाचित्रयंत्र नव्हतें, रक्ततपासणी नव्हती, पुष्कळदां डॉक्टरहि नव्हता. पापुआ न्यू गिनी या दूरच्या बेटावर फ्रँक शॅन या वैद्यानें एक साधी गोष्ट दाखवून दिली होती: खोकणाऱ्या मुलाचे श्वास मिनिटभर मोजले, तर छातीला नळी न लावतांहि फुफ्फुसदाहाचा अंदाज बांधतां येतो. जागतिक आरोग्य संघटनेनें पुढें याचे आंकडे ठरविले. दोन महिन्यांच्या आंतील मुलाला मिनिटास साठ, वर्षाच्या आंतील मुलाला पन्नास, आणि त्यापुढें पांच वर्षांपर्यंत चाळीस. एवढे किंवा याहून अधिक श्वास म्हणजे धोका.

हा विचार महाराष्ट्राच्या पूर्व टोंकाला, गडचिरोली जिल्ह्यांत, कसाला लागला. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग हें दांपत्य १९८६ सालीं तेथें कामास लागलें. त्यांनीं ५८ गांवांतील ६,१७६ लहान मुलें आपल्या कामाखालीं घेतलीं आणि ताडून पाहण्यासाठीं शेजारचीं ४४ गांवें निराळीं ठेविलीं. निवडलेल्या गांवांत आरोग्यसेवकांना, गांवच्या शिकलेल्या तरुणांना आणि बाळंतपणें करणाऱ्या सुईणींना श्वास मोजून औषध देण्यास शिकविलें. येथें एक अडचण आली. पुष्कळ सुईणी निरक्षर; बारापलीकडे आंकडे त्यांना मोजतां येत नव्हते. साठांपर्यंत मोजणार कोण?

यावर जी युक्ति निघाली ती पाहून कोणाहि शिक्षकाला आनंद वाटावा. लांकडी चौकटींत वाळूचें एक मिनिटाचें घड्याळ बसविलें आणि शेजारीं मण्यांच्या दोन ओळी ओंवल्या. एक अगदीं तान्ह्या मुलांसाठीं, दुसरी त्याहून मोठ्यांसाठीं. वाळू उलटी करावयाची, दहा श्वास मोजले कीं एक मणी सरकवावयाचा, पुन्हां एकापासून दहा. ओळीच्या शेवटीं लाल मणी. वाळू संपण्याच्या आंत लाल मण्याची पाळी आली तर मुलाला फुफ्फुसदाह झाला असें समजावयाचें. साठांची गणना दहांत आली आणि बाराखडी न येणाऱ्या बाईच्या हातांत निदान आलें. बालकाला विचारतां येत नाहीं, पाहावें लागतें, हें काश्यपसंहितेंतलें सूत्र वाळूच्या एका मिनिटांत येऊन बसलें.

परिणाम १९९० सालीं ‘लॅन्सेट’ या इंग्रजी वैद्यकीय साप्ताहिकांत प्रसिद्ध झाला. गांवच्या माणसांनीं ६१२ मुलांवर उपचार केले. त्यांत दगावण्याचें प्रमाण शेंकडा ०·८ होतें. तुलनेच्या गांवांतून हेंच प्रमाण शेंकडा १३·५ होतें. फुफ्फुसदाहानें होणारे बालमृत्यु एकीकडे हजारीं ८·१ आणि दुसरीकडे हजारीं १७·५. औषध को-ट्रायमोक्झॅझोल; स्वस्त, तोंडानें द्यावयाचें.

चिकित्सक वाचक येथें थांबेल, आणि त्यानें थांबावेंच. औषध तर जंतुनाशक. विषाणूवर तें चालत नाहीं असें वर सांगितलें. मग मुलें वांचलीं कशीं? याचें उत्तर असें कीं फुफ्फुसदाह हा एका चोराचा रोग नव्हे. विषाणु आधीं दार फोडतो आणि मग जंतु आंत शिरतात. कित्येकदां जंतु एकटेहि येतात. १९१८ च्या साथींतील बळींच्या फुफ्फुसांचे जपून ठेवलेले तुकडे अमेरिकेंत पुन्हां तपासले गेले, तेव्हां बहुतेक मृत्यूंत या मागून आलेल्या जंतूंचा हात असल्याचें २००८ सालीं दिसून आलें. गडचिरोलींत औषधानें जंतूंना आवरलें आणि तेवढ्यानें मृत्यु निम्म्यावर आले. परंतु मणी मोजून विषाणु कोणता व जंतु कोणता हें सांगतां येत नाहीं, ही त्या युक्तीची सीमा होय. जसजशा जंतूंवरील लशी पसरूं लागल्या तसतसा विषाणूंचा वांटा उघडा पडला. आफ्रिका व आशिया या खंडांतील सात देशांत झालेल्या एका मोठ्या पाहणीचें फलित २०१९ सालीं प्रसिद्ध झालें. फुफ्फुसदाहानें अत्यवस्थ होऊन इस्पितळांत आलेल्या मुलांपैकीं शेंकडा ६१ जणांत मूळ कारण विषाणु होतें, आणि एकट्या आर. एस. व्ही. चा वांटा शेंकडा ३१. त्याच २०१९ सालीं जगांत पांच वर्षांच्या आंतील सुमारें एक लाख बालकें या एका विषाणूनें नेलीं, असा अंदाज पुढें मांडण्यांत आला. त्यांपैकीं शंभरांतील सत्याण्णव गरीब व मध्यम स्थितीच्या देशांतलीं.

विषाणूनें दम कोंडलेल्या मुलाला जंतुनाशक गोळी देऊन भागत नाहीं. त्याला प्राणवायु लागतो, आईचें दूध व पाणी लागतें, आणि तीं आंत जात नसतील तर नळीनें द्यावीं लागतात. म्हणजे इस्पितळ लागतें, आणि तें वेळेवर लागतें. मेळघाटांत डॉ. आशिष सातव यांच्या ‘महान’ या संस्थेनें अमेरिकन संशोधकांच्या साहाय्यानें २०१६ ते २०१८ या काळांत ९३ आदिवासी गांवांतील मुलांची घरोघर पाहणी केली. जीं मुलें इस्पितळांत पोंचलींच नाहींत, घरींच गेलीं, त्यांच्याहि नाकांतील स्राव तपासला. आपल्याकडील बहुतेक आंकडे इस्पितळाच्या दारांत सुरू होतात; या पाहणीनें दाराबाहेर पाहिलें, हें तिचें मोल.

बीडकडे परत यावें तें या प्रश्नासह. निजामाचें राज्य सप्टेंबर १९४८ मध्यें संपलें. मराठवाडा १९५६ सालीं मुंबई राज्यांत आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. १९५० सालीं प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला, मागोमाग नगर, पुणें, सोलापूर, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांत धुराडीं उभीं राहिलीं, आणि त्यांना लागणारे हात बालाघाटानें पुरविले. १९७२ च्या दुष्काळानंतर हा ओघ वाढत गेला. जिल्ह्यांत वैद्यकाची सोय झालीच नाहीं असें नव्हे. अंबेजोगाईला १९७४ सालीं ग्रामीण भागासाठीं म्हणून वैद्यकीय महाविद्यालय निघालें. गांवोगांव अंगणवाड्या आल्या, २००५ नंतर आशा कार्यकर्त्या आल्या. गडचिरोलीच्या सुईणीनें जें करून दाखविलें तें आतां आशाताईकडून अपेक्षित आहे. परंतु आशाताई गांवाला नेमलेली, आणि मूल गेलेलें फडावर.

फडावरील कोपी म्हणजे बांबू व पाचट यांची, वांकून आंत शिरावें लागणारी झोंपडी. मार्गशीर्ष-पौषाची थंडी; दारांतच तीन दगडांची चूल; पाचटाचा व ओल्या जळणाचा धूर; शेजारीं दुसरी कोपी, तिच्यांत खोकणारें दुसरें मूल. विषाणूला याहून सोयीची वस्ती मिळणार नाहीं. बाई पहांटेच्या अंधारांत ऊंस तोडावयास जाते, मोळ्या वाहून गाडी भरते, मूल बांधावर झोळींत असतें, आणि सांभाळणारी बहीण सात-आठ वर्षांची. त्या मुलाचे श्वास कोण मोजील? एक दिवस दवाखान्यांत गेला तर त्या दिवसाची मजुरी जाते, आणि जोडीदाराचाहि खाडा पडतो. कारण कोयता दोघांचा. आईला कळत नाहीं म्हणून मूल दगावतें, असें शहरांत बसून म्हणणें सोपें आहे. आईला पुष्कळदां कळलेलें असतें. तिच्या हातीं नसतो तो दिवस.

लशींचें वेळापत्रकहि गांवांत राहणाऱ्या मुलासाठीं आंखलेलें आहे. फुफ्फुसदाहाच्या एका प्रमुख जंतूवरील न्युमोकोकल लस २०१७ पासून भारतांत टप्प्याटप्प्यानें आली व २०२१ मध्यें देशभर पोंचली. ती सहाव्या आठवड्यांत, चौदाव्या आठवड्यांत आणि नवव्या महिन्यांत द्यावयाची असते. भाद्रपदांत, सप्टेंबरच्या आरंभीं जन्मलेल्या मुलाचा सहावा आठवडा ऑक्टोबरच्या मध्यावर येतो, म्हणजे ऐन गाडी निघण्याच्या धांदलींत. चौदावा आठवडा डिसेंबरांत, परक्या जिल्ह्यांतील फडावर. चुकलेला डोस मागाहून देतां येतो हें खरें. परंतु पाचटाच्या कोपींत काढावयाचे जे महिने, त्यांतच तो हवा होता.

आर. एस. व्ही. वरहि अखेर उपाय निघाले आहेत. तान्ह्या मुलाला एकदांच टोंचावयाचें निर्सेव्हिमॅब नांवाचें प्रतिद्रव्य २०२२ सालीं युरोपांत मान्य झालें, आणि गर्भवतीला देऊन पोटांतल्या मुलाचें रक्षण करणारी लस २०२३ सालीं अमेरिकेंत व युरोपांत मंजूर झाली. त्या उपायांचा जन्म श्रीमंत देशांत झाला व त्यांची किंमतहि त्या देशांच्या ऐपतीची. बालाघाटच्या बिऱ्हाडाला तूर्त वाळूचें एक मिनिट, दहा-दहांची मोजणी आणि जवळच्या दवाखान्यांतील प्राणवायूचें नळकांडें एवढीच साधनें उपयोगाचीं. आणि हीं तिन्ही आज आहेत.

गळीत हंगाम संपून चैत्राच्या सुमारास गाड्या घाट चढून परत येतात. भाद्रपदांत जन्मलेलें तें मूल तोंवर सात-आठ महिन्यांचें झालेलें असतें, आणि ज्येष्ठांत नवव्या महिन्याच्या लशीसाठीं त्याला आपल्या गांवच्या अंगणवाडींत नेतां येतें. चौदाव्या आठवड्याचा डोस मधल्या काळांत कोठें मिळाला, त्याची जागा कार्डावर कधीं भरलेली असते, कधीं कोरी असते.